तिपानीची जागा

गुरुवारी सकाळी चहा गाळताना समोरच्या भिंतीवर मला एक माणूस दिसला. हातात गाळणं, डोक्यावर केस नावालाच, मान जरा पुढे काढलेली. मी दचकून गाळणं खाली ठेवलं, तर त्यानंही ठेवलं. सव्वीस वर्षं मी या स्वयंपाकघरात चहा करतो आहे, आणि इतक्या वर्षांत इथल्या भिंतीवर माझी सावली कधी पडली नव्हती. दिवा ऐन डोक्यावर आहे, तो लावला की सावली पायाशी गोळा होऊन बसते. आज मात्र ती भिंतीवर उभी होती, माझ्याहून उंच. मग एकेक दिसायला लागलं. डब्यांच्या झाकणांवर तेलकट धूळ होती, नळाच्या मागे भिंतीला तडा गेला होता, आणि फडताळाच्या कोपऱ्यात कोळ्यानं चांगला ऐसपैस संसार मांडला होता. परक्या माणसानं न विचारता आत येऊन आपली कपाटं उघडावीत तसं मला झालं. खिडकीकडे वळायचा धीर होईना. चहा निवेपर्यंत मी पाठ करूनच उभा राहिलो, आणि पाठीला ऊन लागत राहिलं.

शेजारचं झाड गेलं होतं. आदल्या दिवशी मी इस्पितळात कामावर होतो, संध्याकाळी परस्पर तिथल्याच वॉर्डात असलेल्या माझ्या बहिणीकडे, ताईकडे गेलो, परत आलो तेव्हा अंधार पडला होता, आणि अंधारात झाड आहे की नाही हे कोण बघतं? खिडकीत आता नुसतं आभाळ होतं, फार मोठं, आणि कुंपणापलीकडे ताटाएवढा पांढरा बुंधा. शेजारचे दातांचे डॉक्टर दात घासतच कुंपणाशी आले. "दोनदा सांगायला आलो होतो हो, घरी कुणी नव्हतं. चिठ्ठी टाकली होती पेटीत. आतून पोकळ झालं होतं, बघा ना! मुलांच्या खोलीवर कललं होतं." बुंध्याच्या मधोमध खरंच मूठ जाईल एवढं भोक होतं. पेटी मी दीड महिना उघडली नव्हती. माणसावर धड रागावताही येऊ नये यासारखी पंचाईत नाही. मी "बरं केलंत" म्हणालो. आणि मग माझी नजर कुंपणाच्या अलीकडे, आमच्या बाजूला गेली. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरल्या की विटांची कड असलेला ताईचा लांबट वाफा आहे, सावलीतला. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऊन पडलं होतं.

ताईला ऊन कधीच आवडलं नाही. एकतीस वर्षं तिनं ग्रंथालयाच्या तळघरात काढली, जुनी पुस्तकं सांभाळत, फाटकी डकवत. तिथं उजेड येऊ देत नसत, कारण उजेडानं कागद पिवळा पडतो. आमचे आई-वडील एका वर्षाच्या अंतरानं गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई एकवीसची, नोकरीला नुकतीच लागलेली. शाळा सुटली की मी त्या तळघरात जाऊन बसायचो. कपाटांच्या दोन रांगांमध्ये तिनं माझ्यासाठी एक पोतं अंथरलेलं असायचं. तिथली शांतता मला अजून कानात ऐकू येते. मी पुढे कान तपासायच्या कामाला लागलो त्याचं मूळ बहुधा त्या पोत्यावरच असावं. निवृत्त झाल्यावर ताईनं शेजारच्या झाडाखालचा हा पट्टा धरला. तिथं गवतही उगवत नव्हतं. लोक म्हणाले, इथं काय येणार? ताई म्हणाली, उन्हात काय, सगळेच येतात. मग दोन वर्षं तिनं नुसती पानं कुजवली. गळलेला पाला पोत्यात भरायचा, पाणी मारायचं, आणि विसरून जायचं. काळी, भुसभुशीत, पावसाळी वासाची माती तयार झाली आणि मग जंगलातल्या मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी मंडळी एकेक करून आली. नेचे आले, रुंद पानांचे जाड गड्डे आले, पांढऱ्या घंटांसारख्या फुलांची वेल नव्हे पण वेलीसारखी पसरणारी एक जात आली. शास्त्रीय नावं ताईला पाठ होती, पण हाका ती आपल्याच मारायची. नेचा म्हणजे घुम्या. गड्डे म्हणजे झोपाळू. ही सगळी थंडीत जमिनीखाली जातात, वर काही म्हणजे काही उरत नाही, आणि थंडी सरली की त्याच जागी, त्याच मुळांवर पुन्हा येतात. मला आधी हे खरंच वाटत नसे. दर वर्षी मी म्हणायचो, यंदा मेली. ताई म्हणायची, ठोंब्या, निजलेल्या माणसाला मेला म्हणू नये.

आणि तिपानी. ती बाजारातून आणलेली नव्हती. ताईनं बी पेरलं होतं, वीस बिया, त्यातली एक जगली. पहिलं वर्ष जमिनीवर काहीच नाही. दुसऱ्या वर्षी नखाएवढं एक पान. तिसऱ्या वर्षी तेच एक पान, जरा मोठं. मी म्हणालो, हिला वाढायचं आहे की नुसती हजेरी लावायची आहे? पाचव्या वर्षी तीन पानं आली, एका देठावर, तिन्ही सारखी. सातव्या वर्षी तीन पाकळ्यांचं एक पांढरं फूल येतं, असं ताईनं तळघरातल्या कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. हे वर्ष सातवं. गेल्या थंडीच्या तोंडाशी ती शेवटचं पिवळं पान बघून आत आली आणि म्हणाली, "आता पुढच्या खेपेला नटून येणार बाई." त्यानंतर आठच दिवसांनी ती मागच्या पायरीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, हाड जुळलं, आणि तिला आमच्याच इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, माणसांना पुन्हा उभं करायच्या वॉर्डात हलवलं. तिथं ती दोन महिने आडवीच होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रश्न आता हाडाचा नाही. त्यांना उठायचंच नाहीये. अजून महिनाभर अशा राहिल्या तर पायातली ताकद जाईल, आणि मग त्यांनी ठरवलं तरी उठता येणार नाही."

मला यायला फक्त एकच येतं. कान तपासायच्या खोलीत काचेपलीकडे माणूस बसतो, मी त्याच्या कानात बारीक, अगदी बारीक आवाज सोडतो, आणि ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. बोट वर होईपर्यंत मी काही बोलायचं नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. काही माणसं आवाज नसतानाच बोट वर करतात. ती लबाडी नसते. ऐकू यावं याची इतकी आस असते की त्यांना खरंच काहीतरी ऐकू येतं. मी तेवढी खूण वहीत करत नाही, आणि पुन्हा थांबतो. असा हा थांबणारा माणूस ताईजवळ मात्र क्षणभर गप्प बसत नव्हता. रोज संध्याकाळी स्टूल ओढलं की सुरू. घरी सगळं ठीक आहे. पाणी वेळेवर येतं. तुझी पेन्शनची कागदपत्रं मी बघितली. मागचं दार मी नीट लावतो. तू कशाचीही काळजी करू नकोस. ताई छताकडे बघत "बरं" म्हणायची. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची, हसरी, दंडानं दणकट. "आजी, आज फक्त चार पावलं." ताई म्हणायची, "चार पावलं टाकून जायचं कुठं?" ती मुलगी माझ्याकडे बघायची, मी खिडकीकडे बघायचो. पुढच्या वर्षीचं काही काढलं, घराला रंग देऊ या, तुझा चष्मा बदलू या, की ताईचं एकच उत्तर: आता कशाला.

आणि माझ्या पोटात त्या गुरुवारच्या आधीपासूनच एक गोष्ट लपलेली होती. ताई पडली त्या आठवड्यात मला घरात बसवेना. हात रिकामे ठेवता येईनात, म्हणून मी सगळं पुसत सुटलो. भांडी झाली, जिने झाले, मग मी मागे गेलो. वाफ्यात ठिकठिकाणी आइस्क्रीमच्या चपट्या काड्या टोचलेल्या होत्या, चिखलानं माखलेल्या, वाकड्यातिकड्या. प्रत्येकीवर ताईनं पेन्सिलीनं नाव लिहिलेलं असतं, कारण शाई उडते, पेन्सिल उडत नाही. इस्पितळात कानात घालायची रबरी बोंडं मी रोज स्पिरिटनं पुसून उंचीप्रमाणे लावतो. त्याच हातांनी मी त्या सत्तावीस काड्या उपटल्या, स्पिरिटनं पुसल्या, वाळवल्या आणि काचेच्या ग्लासात फुलांसारख्या ओळीनं लावून टेबलावर ठेवल्या. ताई आल्यावर खूष होईल असं मला वाटलं. परत टोचायला बाहेर गेलो तेव्हा समोर नुसती काळी माती होती. झोपाळू कुठं, घुम्या कुठं, तिपानी कुठं, एक खूण उरलेली नव्हती. पेन्सिल मात्र खरोखरच उडाली नव्हती. ग्लासातल्या सगळ्यात छोट्या काडीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, तिपानी, वर्ष सातवं. मी ग्लास कपाटात ठेवला आणि कपाट बंद केलं.

तर त्या गुरुवारी ऊन वाफ्यावर पडलं होतं आणि कुणाला कुठं झाकायचं ते मला ठाऊक नव्हतं. थंडी सरत आली होती. आता कधीही कोंब वर येणार, आणि कोवळं पान पहिल्याच दिवशी उन्हात भाजून निघणार. मी इस्पितळात फोन करून रजा सांगितली. पलीकडच्या माणसानं दोनदा विचारलं, "तुम्ही? रजा?" घरातल्या चारही छत्र्या मी काढल्या आणि उघडून वाफ्यात टोचल्या. चौघी मिळून निम्माही वाफा झाकेनात. चादर दोरीवर घातली तर ऊन तिच्यातून सरळ खाली. मग ट्रंकेच्या तळाशी मला तपकिरी घोंगडी सापडली. तिचा वास आला आणि मी तसाच जमिनीवर बसलो. मी दहा वर्षांचा असताना मला गोवर निघाला होता. डोळ्यांना उजेड टोचायचा, सुया लावल्यासारखा, मी रडायचो आणि रडल्यानं आणखी टोचायचा. ताईनं हीच घोंगडी खिडकीवर खिळे मारून लावली. घरमालक भिंतीवरून ओरडला, तिनं ऐकलं नाही. बारा दिवस तिनं नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवली आणि त्या काळोखात माझ्याजवळ बसून राहिली. मला तिचा चेहरा दिसत नसे, नुसता आवाज. तळघरातल्या पुस्तकांची नावं ती एकामागून एक म्हणून दाखवायची, कपाट पहिलं, खण पहिला. मी मध्येच विचारायचो, तू आहेस ना? ती म्हणायची, मी कुठं जाणार? बाविसाव्या वर्षी मुली कुठं कुठं जातात. ती खरंच कुठं गेली नाही, तेव्हाही आणि नंतरही. हे मला त्या ट्रंकेपाशी, सत्तावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा नीट कळलं, आणि मला लाज वाटली. घोंगडी मी बांबूंवर ताणून बांधली. खाली काळोखी, ओलसर सावली झाली.

शुक्रवारी मी ताईला म्हणालो, घरी सगळं ठीक आहे. शनिवारीही म्हणालो. रविवारी स्टूल ओढलं, तोंड उघडलं, आणि तेच वाक्य पुन्हा बाहेर येईना. ताई छताकडे बघत होती. तिचे हात चादरीवर पडले होते, स्वच्छ, नखांत माती नसलेले. तिचे असे हात मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. एकदम मला वाटलं, मी रोज येऊन हिला सांगतो तरी काय? तुझ्यावाचून काही अडत नाही, एवढंच.

"ताई, झाड गेलं," मी म्हणालो. "शेजारचं. बुधवारी तोडलं. वाफ्यावर ऊन येतंय. आणि काड्या मी उपटल्या. धुतल्या. कोण कुठं आहे ते मला माहीत नाही."

मी काचेअलीकडे बसतो तसा बसून राहिलो. मग तिनं मान वळवली. किती दिवसांनी ती माझ्याकडे बघत होती.

"ऊन कुठून येतं?"

"सकाळी स्वयंपाकघरात. अकराला शेवटच्या पायरीवर."

"अकराला तू घरी काय करतोस?"

"रजा काढली."

"तू?" ताई म्हणाली. मग म्हणाली, "काड्या कशानं धुतल्यास?"

"स्पिरिटनं."

"अरे देवा." तिनं डोळे मिटले. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, मी घाबरून उठलो, तर ती हसत होती, आवाज न करता, तळघरात हसायची तशी. "ठोंब्या रे ठोंब्या! उंचीप्रमाणे लावल्यास?"

"हो."

"कागद दे. पेन्सिल दे. उशी वर कर आधी, अशी आडवी कशी काढू?"

बसून तिनं औषधांच्या तक्त्याच्या पाठीवर वाफा काढला. विटा मोजून घुम्या लिहिला, झोपाळू लिहिले. मध्येच थांबली. पेन्सिल कागदावर फिरली, उचलली, पुन्हा टेकली. "तिपानी... सातव्या विटेसमोर. नाही, आठव्या. असं नाही सांगता येत रे. तिथं बसलं की हात आपोआप जातो." तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. व्यायामवाली मुलगी दारात येऊन उभी होती. ताईनं तिला बोलावलं. "ये ग. आमच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मला तीन पायऱ्या उतरायला शिकव. बाकी तुझं ते चार पावलं वगैरे राहू दे."

"आजी, आधी चार पावलं, मगच पायऱ्या."

"मग ती आधी उरक," ताई म्हणाली आणि पांघरूण बाजूला केलं.

सोपं काही गेलं नाही. पहिल्या दिवशी ती उभी राहिली आणि पांढरीफटक पडली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीवर इतकी ओरडली की शेजारच्या खाटेवरच्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या ताईंची तब्येत सुधारतेय हं. मी रोज वाफ्याचा हिशेब द्यायचो: सातव्या विटेपाशी काही नाही, चौथीपाशी घुम्याची गुंडाळी वर आली, एक झोपाळू उन्हाच्या कडेला सापडला, त्याचं टोक करपलं, त्याच्यावर छत्री हलवली. ताई विचारायची, किती करपलं, नखाएवढं की बोटाएवढं? आणि घरी सगळं ठीक आहे असं मी एकदाही म्हणालो नाही. अठराव्या दिवशी ती चार पायांचा आधार, म्हणजे वॉकर, घेऊन घरी आली. दारातूनच तिनं घोंगडी पाहिली. जवळ येऊन कडेला हात लावून कापड दोन बोटांत धरलं, सोडलं. मग खुर्चीवर बसून हुकूम सोडायला लागली. सातवी वीट, आठवी वीट, हलक्या हातानं पाला बाजूला कर, आता परत झाक. तिपानी कुठंच नव्हती. आठवडा गेला. दुसरा गेला. बाकीचे बहुतेक सगळे आले. ताई म्हणे, निजलीय. पण हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नसे. मला वाटायचं, ऊन लागायच्या आधी मीच तिला संपवलं. चार छत्र्यांच्या चार दांड्या मी डोळे मिटून जमिनीत खुपसल्या होत्या.

आणि एका सकाळी, सहाव्या विटेसमोरची छत्री मी जरा सरळ करायला उपटली तेव्हा तिच्या दांडीनं पाडलेल्या भोकापासून दोन बोटांवर मातीला चीर पडलेली दिसली. चिरेत पेन्सिलीच्या टोकाएवढं काहीतरी होतं, तांबूस, घट्ट गुंडाळलेलं. मी हाक मारली नाही. इच्छेपोटी वर झालेली बोटं मी आयुष्यभर पाहिली आहेत. आत जाऊन चष्मा आणला, गुडघ्यावर बसलो, श्वास धरून बघितलं. ते तिथंच होतं. तीन पानं एकमेकांत मिटलेली.

"ताई!"

ती आधार टेकत दारात आली. तीन पायऱ्या तिनं शिकल्याप्रमाणे उतरल्या, दुखरा पाय आधी, मग चांगला. विटेची कड ओलांडली आणि आधाराचे चारही पाय त्या भुसभुशीत मातीत भसकन रुतले. "थांब थांब थांब," ती ओरडली, मला नव्हे, त्या आधारालाच. "मेला भोकं पाडतोय! खाली अजून कुणी निजलेलं असेल." आणि तिनं दोन्ही हातांनी तो आधार उचलला, चिखलातून खुर्ची उचलावी तसा, छातीपर्यंत. तसाच हवेत धरून, कुठं पाऊल टाकायचं ते नीट बघत, तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, मग तिसरं. ताई, तू नुसत्या पायांवर चालते आहेस, हे मी सांगितलं असतं तर ती तिथंच कोसळली असती.

"सहावी वीट," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली. "सहावीच. मी म्हणत नव्हते?" ती सातवी म्हणत होती. "वाकवत नाही मला. तू बघ. कळी आहे का आत?"

मी वाकलो. पानांच्या गुंडाळीत वरून बघितलं. या बाजूनं, त्या बाजूनं. सात वर्षं. एक क्षण माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं, सगळं ठीक आहे.

"नाही," मी म्हणालो. "कळी नाही, ताई."

माझ्या वर कुठंतरी तिचा श्वास ऐकू येत होता. मी मान वर केली नाही, थांबलो.

"यंदा फार हलवलं ना तिला," ताई म्हणाली. "रुसली असेल. पुढच्या वर्षी." आणि मग, "ही घोंगडी काय जन्मभर पुरायची नाही. कुंपणाशी एखादं लवकर वाढणारं झाड बघू या. शेजाऱ्यांनाही विचार, खड्डा त्यांच्याकडे खणला तर बरा. आणि काडी आण तिची. वर्ष आठवं लिहिते. हे धर आधी, हात भरून आले माझे."

तिनं आधार माझ्या हातात दिला आणि पदराला हात पुसले. मी एका हातात तो आधार धरून गुडघ्यावर तसाच बसलो होतो, आणि दुसरा हात मोकळा होता. त्याचं बोट मी वर केलं.

"हे काय रे?" ताई म्हणाली.

"पुढच्या वर्षी म्हणालीस. ऐकू आलं."

"मग काडी आण की."